आधी बक्षीस दिसतं, मग चढ

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या टंचाईचं हेच चित्र देशभर गाजलं. त्यानंतर आठच दिवसांनी, २० एप्रिलला, मिरजेपासून रेल्वेनं काही तासांवर असलेल्या कोरेगाव तालुक्यात टंचाईवरचा एक वेगळाच उतारा सुरू झाला. गावागावांत स्पर्धा लागली.

आमिर खान आणि किरण राव यांनी त्याच वर्षी पानी फाउंडेशन ही संस्था उभी केली होती. ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ हा तिचा पहिला मोठा उपक्रम. पहिल्या वर्षासाठी तीन तालुके निवडले होते: विदर्भातला वरुड, मराठवाड्यातला अंबाजोगाई आणि पश्चिम महाराष्ट्रातला कोरेगाव. मिळून ११६ गावं उतरली. काम मृद्‌संधारणाचं आणि जलसंधारणाचं, मुदत साधारण दीड महिना, ऋतू भर उन्हाळ्याचा, पहिलं बक्षीस पन्नास लाख रुपये. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पटकावला होता.

ही कथा पाण्याची म्हणून पुष्कळदा सांगितली गेली आहे. चर किती खणले, विहिरी कशा भरल्या, टँकर कुठे बंद झाले, हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण तिला आणखी एक अंग आहे आणि पुढच्या पानांचा विषय तोच आहे. समोर बक्षीस आहे असं कळलं की माणसाचं लक्ष कुठे जातं? काम अवघड असणार असा अंदाज आला की तो कंबर कसतो की अंग चोरतो? बक्षिसाची ओढ आणि अवघडपणाचा अंदाज या दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात असतील तर तयारी कशाच्या मापानं होते? मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा गेली साठेक वर्षं हेच प्रश्न विचारत आहेत. कोरेगावच्या डोंगरउतारावर ते एका उन्हाळ्यात, खऱ्या माणसांवर, खऱ्या मुरमात तपासले गेले.

अवघडपणा काय होता, ते आधी पाहायला हवं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला माण तालुका आहे. तिथे पाचशे मिलिमीटरची आकडेवारीसुद्धा चांगल्या वर्षाची मानली जाते. कोरेगाव या दोहोंच्या मध्ये. वसना आणि तिळगंगा या त्याच्या नद्या. भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा इथलाच, आणि आल्याच्या शेतीसाठीही हा भाग ओळखला जातो. पण तालुक्याचा मोठा हिस्सा पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीवर ढग रिकामे झाल्यावर जे उरतं ते इथे पडतं, आणि बोडक्या डोंगरावरून मातीसकट ओढ्यात उतरून निघून जातं. उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात ही गोष्ट इथल्या कुणाला सांगावी लागत नव्हती. ठाऊक नव्हतं ते इतकंच, की त्यावर गावानं स्वतः काय करायचं, किती करायचं आणि किती केलं म्हणजे ते पुरेसं होतं.

आता थोडं प्रयोगशाळेत जाऊ. १९६४ साली ब्रिस्टल इथले मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाच्या डोक्यावर विजाग्रं लावायची, ‘टक्‌’ असा आवाज ऐकवायचा, नंतर दिवा लुकलुकवायचा. दिवा दिसताच त्यानं बटण दाबायचं. आवाज आणि दिवा यांच्या मधल्या क्षणभराच्या वेळात मेंदूच्या विद्युत आलेखावर एक संथ लहर उतरताना दिसली. काम अजून सुरू व्हायचं होतं, पण मेंदू आधीच तयारीला लागला होता. या लहरीला पुढे अपेक्षेची लहर म्हटलं जाऊ लागलं. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी तयारीचा आणि श्रमाचा आणखी एक पुरावा डोळ्यांतच सापडतो असं दाखवलं. आकड्यांची मालिका लक्षात ठेवायला सांगितली, की प्रत्येक वाढत्या आकड्याबरोबर बुबुळाची बाहुली थोडी थोडी विस्फारत जाते, आणि आकडे म्हणून दाखवताना ती पुन्हा आक्रसते. लक्ष ही काही हवेतली गोष्ट नाही, ते खर्च होतं आणि त्या खर्चाची खूण शरीरावर उमटते, हे त्यातून पुढे आलं.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा धागा आणखी पुढे नेला. त्यांनी प्रत्येक खेपेला काम सुरू होण्यापूर्वी एक इशारा दाखवला. त्या इशाऱ्यातून दोन गोष्टी कळायच्या: या खेपेला बक्षीस मिळू शकतं की नाही, आणि काम सोपं असेल की अवघड. मग मेंदूतली लहर पाहिली. बक्षिसाचा परिणाम अगदी सुरुवातीपासून दिसत होता. इशारा वाचल्या वाचल्या मेंदू बक्षिसाच्या बातमीनं हलत होता, आणि तो परिणाम शेवटपर्यंत टिकत होता. अवघडपणाचा परिणाम मात्र लहरीच्या उत्तरार्धातच उमटला. सगळ्यांत उंच लहर होती ती अवघड आणि बक्षीस असलेल्या कामाआधी. शिवाय ज्यांच्या मेंदूत बक्षिसाचा परिणाम अधिक, त्यांची बोटंही बक्षिसाच्या खेपेला अधिक झपाट्यानं चालली. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की बक्षिसामुळे जागी होणारी तयारी आधी आणि बहुधा अधिक थेट मार्गानं येते. काम किती अवघड आहे हे जोखून केलेली, हिशोबी तयारी तिच्या मागून येते.

एका प्रयोगातले ते क्षण आणि एका गावाचा दीड महिना यांच्यात अंतर फार आहे. पडद्यावरचा इशारा एकट्या माणसाला दिसतो. गावाला बक्षिसाची बातमी ग्रामसभेत, पारावर, चहाच्या टपरीवर कळते आणि तिच्यावर चार माणसं वाद घालतात. तरीही क्रम ओळखीचा वाटतो. पन्नास लाखांचा आकडा सगळ्यांना एका दमात कळला. शिवाराचा नकाशा, माथ्यापासून पायथ्यापर्यंतचे उतार, ओढ्यांची तोंडं, खणायचे चर आणि लागणारे हात यांचा हिशोब नंतर आला. आणि तो आपोआप आला नाही. तो शिकवावा लागला.

वॉटर कपची खरी कल्पकता इथेच होती. गावानं नाव नोंदवलं म्हणून लगेच टिकाव उचलायचा नव्हता. आधी गावातून पाच जणांनी, त्यांत बायकाही, चार दिवस प्रशिक्षणाला जायचं होतं. तिथे पाणलोट म्हणजे काय ते शिवारात फिरून शिकायचं. साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ यांच्यासारख्या, वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून जलसंधारणाचं काम करवून घेणाऱ्या माणसांचा अनुभव या रचनेमागे होता.

प्रशिक्षणातलं एक अवजार जवळून पाहण्याजोगं आहे. त्याला ‘ए फ्रेम’ म्हणतात. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी, वरच्या टोकातून दोरी सोडायची आणि तिच्या शेवटाला दगड बांधायचा. झाला ओळंबा. सपाट जागेवर दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची. मग डोंगरउतारावर जायचं. एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत राहायचा, दोरी खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आले. तिथे फक्की टाकायची. मग पहिला पाय उचलून पुढे न्यायचा, पुन्हा तेच. अशा ठिपक्यांतून डोंगराच्या अंगावर एक वाकडी पांढरी रेघ उमटत जाते. ती समतल रेषा. तिच्यावर खणायचा तो सलग समतल चर. खणलेली माती उताराच्या बाजूला रचून तिचा बांध करायचा. रेघ चुकली तर चरातलं पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडून निघून जातं. म्हणून हे काम घाईनं करता येत नाही. वाऱ्यानं दोरी हलत असेल तर थांबावंच लागतं.

या अवजारानं अवघडपणाचं रूपच बदललं. ‘डोंगर खणायचा’ हा अवघडपणा राक्षसी आहे, त्याला कुठून हात घालायचा ते कळत नाही. ‘या खुणेपासून त्या खुणेपर्यंत, या खोलीचा, या रुंदीचा चर’ हा अवघडपणा घामाचा आहे, पण मोजता येतो.

मोजता येणाऱ्या अवघडपणाचं महत्त्व अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी नेमकं मांडलं. एलिझाबेथ सेल्फ यांच्यासह १९८९ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांचं म्हणणं असं होतं: बक्षीस वाढलं की कष्ट वाढतात, हे सरसकट खरं नाही. माणूस काम जितकं अवघड तितकाच जोर लावतो, उगाच जास्त नाही. बक्षीस ठरवतं ते इतकंच, की तो जास्तीत जास्त कुठवर जायला तयार आहे. अवघडपणा त्या हद्दीच्या आत असेल तर चढाबरोबर जोरही चढत जातो. हद्द ओलांडली, किंवा हे आपल्याच्यानं होणारच नाही असं वाटलं, की जोर हळूहळू कमी होत नाही, एकदम खाली बसतो. गावाच्या भाषेत ज्याला ‘हात टेकणं’ म्हणतात ते हेच. दुष्काळानं जेरीस आलेल्या गावांत आळस नव्हता. अवघडपणा हद्दीबाहेर गेल्याचा अंदाज मात्र पक्का झालेला होता. स्पर्धेनं एकीकडून बक्षीस ठेवून हद्द वर सरकवली आणि दुसरीकडून प्रशिक्षण देऊन अवघडपणा खाली आणला.

पुढच्या वर्षांत गुणांची पद्धत अधिक रेखीव होत गेली. श्रमदानाला गुण, यंत्रांनी केलेल्या कामाला वेगळे गुण, शोषखड्ड्यांना गुण, रोपवाटिकेला गुण, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला त्याला गुण, माती परीक्षणाला गुण. एका मोठ्या, दूरच्या बक्षिसाची अशी सुट्टी मोड करून दिल्यासारखं झालं. परसात एक शोषखड्डा खणणाऱ्या म्हातारीलाही आपल्या खड्ड्यानं गावाचे गुण वाढतात हे दिसत होतं. स्पर्धा सुरू होण्याची वेळ जवळ आली की तयारी किती ताणली जाते, त्याचा नमुनाही याच काळात दिसला. ८ एप्रिलला स्पर्धा सुरू व्हायची, तर कितीतरी गावांनी सकाळची वाट पाहिली नाही. रात्री बारा वाजता, तारीख बदलताच, दिवट्या आणि विजेऱ्यांच्या उजेडात पहिला टिकाव मारला.

पण बक्षीस मोठं केलं की काम चांगलं होतं, असा सरळ हिशोब मांडणाऱ्यांनी मदुराईकडे पाहायला हवं. डॅन ॲरिएली, युरी ग्नीझी, जॉर्ज लोवेनस्टीन आणि नीना मझार या अभ्यासकांनी तमिळनाडूतल्या त्या भागात ग्रामीण माणसांना लक्ष, स्मरण आणि हस्तकौशल्य लागणारे सहा खेळ खेळायला दिले. तीन गट केले. उत्तम खेळल्यास एका खेळामागे पहिल्या गटाला जास्तीत जास्त ४ रुपये, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ४००. तिथल्या माणसांच्या खर्चाच्या मानानं शेवटची रक्कम डोळे पांढरे करणारी होती. सहाही खेळ जिंकले तर कित्येक महिन्यांचा खर्च सुटला असता. ४ आणि ४० रुपयांच्या गटांत फारसा फरक पडला नाही. सगळ्यांत वाईट खेळला तो ४०० रुपयांचा गट. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं स्पष्टीकरण असं, की रक्कम फार मोठी झाली की लक्ष कामावरून उडून रकमेवर जातं आणि हात थरथरू लागतात.

मग पन्नास लाखांनी कोरेगावचे हात का थरथरले नाहीत? एक कारण कामाच्या जातीत आहे. चर खणणं हा क्षणात जिंकण्या-हरण्याचा खेळ नव्हे. चुकलेली रेघ पुन्हा आखता येते. दुसरं कारण, बक्षीस गावाचं होतं, एकट्याच्या खिशात जाणारं नव्हतं. त्याचा ताणही वाटला गेला. तिसरं कारण अधिक महत्त्वाचं. ११६ गावांत पहिलं येणार एक. तालुक्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला हे गणित येत होतं. तरीही गावं खणत राहिली, कारण कपाच्या मागे दुसरं बक्षीस उभं होतं, आणि ते परीक्षकांच्या हातात नव्हतं. जून-जुलैत पाऊस पडला की ज्यानं चर खणला त्याच्या चरात पाणी साठणार होतं, मग क्रमांक येवो न येवो. शेजारच्या गावानं आपल्याहून जास्त काम केलं ही टोचणीही होती. तिला कुठल्याच प्रायोजकाचे पैसे लागत नाहीत.

बक्षीस लावून गावाला कामाला लावण्याची युक्ती या मातीत नवी नाही. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. त्यामागे तेव्हाचे ग्रामविकास मंत्री, सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील होते. तोवर सरकारी योजना म्हणजे आधी अनुदान, मग काम, आणि पुष्कळदा अनुदान संपलं की काम संपलं. इथे क्रम उलटा केला. आधी गावानं झाडलोट करायची, गटारं काढायची, शौचालयं बांधायची, मग तपासणी, मग बक्षीस. खर्च झालेले पैसे गावाचे, मिळालेला मान गावाचा. वॉटर कप जिथे सुरू झाला तिथल्या माणसांना स्पर्धेचं हे व्याकरण आधीच परिचयाचं होतं.

त्याहूनही जुनी शाळा म्हणजे कुस्तीचं मैदान. सातारा-सांगलीच्या गावजत्रांत इनाम आणि अवघडपणा यांचा मेळ घालणं हे पंचांचं मुख्य काम असतं. सुरुवातीला रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या, शेवटी पहिल्या क्रमांकाची. जोड लावताना वजन, वय, मागची कामगिरी पाहिली जाते. इनाम मोठं आणि जोड विजोड असेल तर कुस्ती मिनिटात निकाली निघते आणि प्रेक्षक पंचांच्या नावानं शंख करतात. जोड बरोबरीची असेल तर पैलवान महिना महिना आधी मेहनत वाढवतो, समोरच्याचा ठेवणीतला डाव कोणता याची चौकशी करतो, त्यावरचा तोड घोटतो. ब्रेम यांचा सिद्धांत न वाचताही पंच कमिटीला ही हद्द कळते.

या सगळ्याची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर प्रस्तावना जाहिरात होईल. स्पर्धेला मुदत असते, चराला नसते. दोन-तीन पावसाळ्यांत त्यात गाळ भरतो, आणि मुदत संपल्यावर गाळ काढण्याला कुठलेही गुण नसतात. विहिरीत पाणी आलं की त्यावर कुठलं पीक घ्यायचं, किती कूपनलिका पाडायच्या, हा प्रश्न चर खणण्याहून अवघड आहे, कारण तिथे गावाची माणसं एका बाजूला नसतात, एकमेकांसमोर असतात. यंत्रांचा वाटा वाढला तसं श्रमदानाचं महत्त्व कुठे उरलं, अशी चर्चाही झाली. आणि बक्षिसामुळे कामाची मुळातली ओढ आटते का, हा प्रश्न तर एडवर्ड डेसी यांनी १९७१ पासून लावून धरलेला आहे. कोडी सोडवण्यात आधी रमलेल्या विद्यार्थ्यांना पैसे दिले आणि मग थांबवले, तर फावल्या वेळात ते कोड्यांना कमी हात लावतात असं त्यांना दिसलं होतं.

पहिल्या कपनंतरचा आलेख या प्रश्नांसकट वाचायला हवा. २०१७ मध्ये स्पर्धा ३० तालुक्यांत गेली आणि वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा पहिलं आलं. २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोहोचली, पहिलं बक्षीस ७५ लाखांचं झालं आणि ते पुन्हा सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या टाकेवाडीला आलं. २०१९ मध्ये बार्शी तालुक्यातल्या सुर्डीनं कप नेला. त्यानंतर संस्थेनं स्पर्धेचा साचाच बदलला. २०२० मध्ये समृद्ध गाव स्पर्धा आली आणि दीड महिन्याच्या जागी दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. नुसतं पाणी अडवणं पुरेसं नव्हतं, पाण्याचं आणि पिकाचं नियोजन, गवताळ कुरणं, झाडं यांनाही गुण मिळू लागले. पुढे फार्मर कप आला, त्यात गावाऐवजी गटशेती करणारे शेतकरी गट उतरले. दर बदलात बक्षीस आणि अवघडपणा यांचं गणित नव्यानं मांडावं लागलं. दीड महिन्याचा जोर दीड वर्ष टिकत नाही, आणि लहान गटाला जे लक्ष देता येतं ते दोन हजारांच्या गावाला देता येत नाही.

पुढची पानं हेच गणित वेगवेगळ्या ठिकाणी सोडवून पाहतात: शाळेच्या वर्गात, भरतीच्या मैदानावर, कारखान्यात आणि शेतात. वाचकानं प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी तपासाव्यात. बक्षीस कुणाला आणि कधी दिसलं? अवघडपणाचा अंदाज कुणी दिला, आणि तो खरा होता का? आणि या दोन्ही बातम्या कळल्यानंतर, प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी, माणसांना तयारीसाठी वेळ किती मिळाला? कोरेगावात २०१६ च्या उन्हाळ्यात या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं चार दिवसांचं प्रशिक्षण. अशा कामांच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचा आकडा सहसा सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत लहान असतो, म्हणून पहिलं प्रकरण त्या चार दिवसांपासूनच सुरू होतं.